एक काना जास्त

लेकीनं आणि मी मिळून पडद्यावर एक लुटुपुटीचा संगणक बांधला होता. त्याला स्मृतीचे सोळा खण, आणि आमच्याच भाषेतल्या सात आज्ञा: आण, ठेव, मिळव, वजा, उडी, दाखव, थांब.

शेवटी ‘थांब’ लिहायला ती हटकून विसरायची. मग यंत्र रिकाम्या खणांतून भरकटत जायचं.

“अगं, त्याला अक्कल नसते. सांगावं लागतं.”

“असू द्या हो बाबा. भटकू द्या त्याला.”

ती आजारात गेली, त्याला पाच महिने झाले. काल दुपारी मी तो संगणक पुसून टाकायला बसलो. त्याआधी एकदाच दोन आणि तीन मिळवायला सांगितले, आणि शेवटी आठवणीनं ‘थांब’ लिहिलं.

उत्तर पाच आलं. यंत्र मात्र थांबलं नाही. पुढचे रिकामे खण एकेक करून उजळत गेले.

बिघाड असेल, म्हणून मी पुसायच्या बटणावर बोट नेलं. तेवढ्यात सोळाव्या खणात एक आज्ञा उमटली. आमच्या सातांत ती नव्हती. यंत्राला कुणी अहोजाहो करत नाही. या घरात ती एकटीच करायची, मला.

‘थांबा.’