वरचे चार दात

“वरचे पुढचे चारही किडलेत,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ईश्वरीचा ओठ सोडला. शेजारी बसलेल्या नर्स मोरी-सानांनी कागदावर चार खुणा केल्या.

अंबरीषला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा विचारलं. चारच.

टोकियोत, ओजिमाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तीन वर्षांच्या मुलांची तपासणी होती. बाकीची मुलं आयांच्या मांडीवर होती, ईश्वरी तेवढी बाबाच्या. “तूच जा, माझं डोकं दुखतंय,” असं स्वप्ना म्हणाली होती, म्हणून त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

डॉक्टर पुढच्या मुलाकडे वळले. मोरी-सान सावकाश, सोप्या जपानीत विचारू लागल्या. चॉकलेट? घरात येतच नाही. बाटलीने दूध? कधीच सुटलं. ब्रश? दोन वेळा, संध्याकाळचा तो स्वतः करून देतो.

“दिवसभर थोडं थोडं गोड तोंडात गेलं की दात असे किडतात,” त्या म्हणाल्या.

अंबरीषला काही कळेना. किराणा तोच आणायचा, शनिवारी, पाकिटांवरची साखर वाचून. ईश्वरी अजून शाळेत जात नव्हती. शेजारच्या कुणी दिलं म्हणावं, तर शेजाऱ्यांची नावंही माहीत नव्हती. पाण्यात काही असेल? की डॉक्टरांचीच काही चूक होतेय?

“तिलाच विचारा ना,” मोरी-सान म्हणाल्या.

“ईशू, तू दिवसा गोड काय खातेस?”

“ज्यूस पिते. खालच्या मशीनमधला, पैसे टाकले की येतो तो.”

“कोण देतं?”

“आई.”

अंबरीषचे कान तापले. घरी गेल्यावर काय बोलायचं, ते मनात जुळायलाही लागलं. गोड द्यायचं नाही, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं.

“कधी देते?”

“ती रडते ना, तेव्हा. मग मी पण रडते. मग ती म्हणते, हे घे, तू नको रडू.”

मनात जुळलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

“आई कधी रडते?”

“तू ऑफिसला गेलास की.”

“काय म्हणाली?” मोरी-सानांनी विचारलं.

मीटिंग, सर्व्हर, उशिराबद्दल माफी, एवढं जपानी त्याला येत होतं. रडण्याचा शब्द आठवेना. “माझी बायको,” तो म्हणाला, आणि पुढे काही न सुचून त्याने डोळ्याखालून गालावर बोट ओढलं. “रोज.”

मोरी-सानांनी दातांचा कागद बाजूला सारला.

“त्या आत्ता घरी एकट्याच आहेत का?”