काचेवरची धूळ

स्टुलावरून पडून बाबांचा हात मोडला, तेव्हा लेकीने त्यांच्या बुकबाइंडिंगच्या खोलीत पार छताजवळ कॅमेरा बसवला. हात बरा झाला, कॅमेरा राहिला. ऑफिसात बसून ती मोबाइलवर डोकावायची. या आठवड्यात मात्र रोज सकाळी चित्रावर फडकं यायचं.

बाबांकडे एक कादंबरी बांधायला आली होती. तिच्यात सरकार घराघरात डोळा बसवतं आणि एक माणूस त्या डोळ्यावर कापड टाकतो. बाबांनीच ती गोष्ट लेकीला रंगवून सांगितली होती. ती काय समजायचं ते समजली.

आज फडकं दिसताच तिने फोन लावला. "बाबा, जाच होत असेल तर सरळ सांगा. काढून टाकते कॅमेरा. मी काय सरकार आहे?"

"काहीतरीच काय! कागदाची धूळ बसते गं काचेवर, ती पुसतोय. मी धुरकट दिसलो की तू म्हणणार, बाबा थकले."

लेक विरघळली. मग तिला काहीतरी खटकलं. "बाबा, एवढ्या वर तुमचा हात पोचला कसा?"

फडकं बाजूला झालं. स्क्रीनभर बाबांचा ओशाळलेला चेहरा होता, अगदी लख्ख.

"हळूच उतरतो," ते म्हणाले. "तू फक्त बघत राहा."