धुक्यातली होडी

२०६० सालच्या त्या सकाळी खाडीवरच्या धुक्यात दवाखान्याची होडी ढगात तरंगल्यासारखी दिसत होती. नाथा तांडेल तीन वर्षं तिला चुकवत होता. बायको एचआयव्हीनं गेली, तरी भीतीपोटी त्यानं स्वतःची तपासणी करून घेतली नव्हती.

आज तो होडीवर चढला आणि नर्सनं पुढे केलेल्या तपासणीच्या काचेच्या नळीत त्यानं हळूच फुंकर मारली. काच जांभळी झाली.

"एचआयव्ही आहे, काका," नर्स रेवती म्हणाली. "एक इंजेक्शन देते. महिन्याभरात विषाणू शरीरातून पार निघून जाईल."

"एवढंच?"

"एवढंच."

नाथाचे डोळे भरून आले. "तेव्हाही ही होडी यायची. मीच बायकोला इथं आणलं नाही."

इंजेक्शन घेऊन तो बाहेर आला. बायको एचआयव्हीनं गेली, ही इतकी वर्षं लपवलेली गोष्ट त्यानं धुक्यातल्या मच्छीमारांना ओरडून सांगितली आणि त्यांनाही तपासून घ्यायला बोलावलं. थोड्या वेळानं वल्ह्यांचे आवाज जवळ येऊ लागले.