लाल तार बॉडीला

घड्याळवाले आज मिस्त्रींचं गॅरेज उघडायच्या आधीच दारात हजर होते. एरवी हा माणूस दुसऱ्यांची घड्याळं सुधारतो आणि स्वतः कधी वेळेवर येत नाही. जुनी मोटरसायकल ढकलत आणल्यामुळे त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"कालच नवी बॅटरी घातलीत ना? घरी पोचेपर्यंत दिवा मिणमिणायला लागला. जळका वासही येतोय."

"बघते, काका," मिस्त्रींची मुलगी म्हणाली. बाबा आत चहाचे कप विसळत होते. ते बाहेर यायच्या आत कुठे माशी शिंकली ते तिला शोधायचं होतं.

तिने दिवा लावला. तो जेमतेम पेटला आणि हेडलाइटवरच्या करंट-मीटरचा काटा सरकला तो चार्जिंगच्या बाजूला. इंजिन बंद, दिवा चालू, म्हणजे बॅटरी उतरायला हवी. काटा तर ती भरतेय म्हणत होता. बाजूचं झाकण काढून तिने पाहिलं. काळी तार बॉडीला जोडलेली होती.

बाकी साऱ्या गाड्यांना तशीच जोडतात. या जुन्या गाडीचा कारभारच उलटा, हिची लाल तार बॉडीला. नवखा मेकॅनिक हमखास इथे फसायचा आणि बाबांच्या शिव्या खायचा. काल गाडी बाबांनीच केली होती.

गेले काही महिने ती त्यांच्या मागोमाग गुपचूप फिरत होती. सैल राहिलेले नट आवळायची, विसरलेली झाकणं लावायची आणि त्यांना पत्ता लागू द्यायची नाही. हातातलं काम गेलं तर या माणसाकडे उरणार काय, या धास्तीने तिचा जीव खाली-वर व्हायचा.

"काय झालं?" बाबा हात पुसत मागे येऊन उभे होते. ते वाकले. त्यांना एका नजरेत कळलं. "कोणत्या गाढवाने जोडली ही?"

"मी, बाबा," ती चटकन म्हणाली.

काल बॅटरी कोणी घातली ते घड्याळवाल्यांनी समोर उभं राहून पाहिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"तू? एवढी वर्षं काय झोपा काढल्यास? डायनॅमो एकीकडे ढकलतो, बॅटरी दुसरीकडे, मधल्या मधे रेग्युलेटरचा जीव जातो! सांभाळून घ्या साहेब, पोरीचं लक्ष ठिकाणावर नाही."

गाडीबद्दलचा शब्द न् शब्द बरोबर होता. ती मान खाली घालून ऐकत राहिली. तिला रडू येत होतं आणि हायसंही वाटत होतं.

"सरक बाजूला." त्यांनी तिच्या हातातला पाना घेतला. हलून तुटू नये म्हणून ती काळी तार मेणाच्या दोऱ्याने फ्रेमला बांधलेली होती. गाठ सोडायला त्यांनी बोट घातलं आणि ते तिथेच थांबलं. दुहेरी पिळाची ती गाठ दुकानात फक्त तेच मारायचे. मुलीला ती कधीच जमली नव्हती. ती प्लास्टिकची पट्टी लावून मोकळी व्हायची.

बाबांनी वाकूनच ती गाठ पुन्हा एकदा चाचपली. घड्याळवाले रस्त्याकडे बघू लागले.

"द्या बाबा, मी करते," ती हळूच म्हणाली.

त्यांनी पाना तिला दिला. ते सावकाश उभे राहिले. भिंतीला लागून दुरुस्त झालेल्या गाड्या न्यायला तयार उभ्या होत्या. त्या ओळीवरून त्यांनी नजर फिरवली.

"यातल्या माझ्या हातच्या कुठल्या?" त्यांनी विचारलं. "उघड त्या. सगळ्या उघड."