वळणावरची जागा

अमेरिकेतली झायनची दरी बघायला आलेला माणूस गाड्या लावायच्या तळावर नदीकाठची जागा मागतो. मीही मागितली.

"नदीकाठच्या दोन आहेत," कचेरीतली म्हातारी फर्न म्हणाली, "वळणावरची मात्र एकच उरलीय. वळणावरच्या आधी संपतात."

"तिथून काय दिसतं?"

"कचऱ्याचे डबे."

"आणि तरी आधी संपतात?"

"जुनी माणसं वर्षभर आधी अडवून ठेवतात."

माझ्या नवऱ्याला, डेलला, एवढंच पुरलं. चार लोक धावतात तिकडे धावायचं, हा त्याचा जन्माचा खाक्या. घेतली वळणावरची.

निवृत्तीनंतरची ही पहिलीच सहल, आणि तीस फुटी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, उलटी घेऊन लावायची पहिलीच वेळ. मी मागे उभी राहून हातवारे करत होते.

"डावीकडे घे!"

"तुझ्या डाव्या की माझ्या?"

"अरे खांब, खांब!"

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

चाळीस वर्षांत झालं नाही एवढं भांडण पाऊण तासात झालं. मान वळवते तर काय, वळणावरची सगळी म्हातारी मंडळी नदीकडे पाठ करून, खुर्च्या टाकून, मक्याच्या लाह्या खात आमच्याकडे बघत बसलेली! गाडी एकदाची लागली, तशा टाळ्या पडल्या. एकीने लाह्यांचं पातेलं पुढे केलं.

डेल घाम पुसत उतरला. "चल, उजेड आहे तोवर दरी बघून येऊ."

"दरी उद्या. आधी खुर्च्या काढ," मी म्हटलं, "चाळीस फुटी गाडी येतेय, आणि बायको हातवारे करायला आत्ताच खाली उतरलीय."