लहान विक्रेत्यांची हरकत नाही

"लहान विक्रेत्यांसाठी तीन मिनिटं," सुनावणीचा कारकून म्हणाला आणि त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

अंगडीवाली उठली. सकाळी दहापासून ती त्या खुर्चीत बसली होती, आता साडेचार होत आले होते. तिच्याआधी मोठ्या कंपन्यांचे पाच वकील बोलून गेले. नमनालाच त्यांनी घडाभर तेल ओतलं, आणि शेवटी म्हणाले काय, तर आमची काही हरकत नाही. नसणारच. परत आलेला माल ठेवायला त्यांच्याकडे गोदामं होती.

ही घरी तान्ह्या बाळांची अंगडी-टोपडी शिवून ऑनलाइन विकायची. अशाच तीनशे चाळीस घरगुती विक्रेत्यांच्या संघटनेची ती अध्यक्ष होती, कारण निवडीच्या सभेला ती एकटीच गैरहजर होती.

भांडण होतं ते नव्या नियमांच्या मसुद्यातल्या चौदाव्या कलमाशी. गिऱ्हाइकाने तीस दिवसांत केव्हाही माल परत केला, अगदी वापरलेला असला तरी, विक्रेत्याने तो मुकाट्याने घ्यायचा. आता तीस दिवसांत तान्हं बाळ अंगड्यात मावेनासं होतं. मग ते अंगडं परत येणार, गळ्याशी दुधाचा डाग घेऊन. ते दुसऱ्या बाळाला कोण घालणार? हे कलम लागू झालं तर शिलाई मशीनवर चादर टाकून गप्प बसायचं, एवढंच तिच्या हाती उरणार होतं.

हे सगळं तिने लिहून काढलं होतं, आरशासमोर उभं राहून दोन मिनिटं पन्नास सेकंदांत बसवलं होतं. शेजारच्या खुर्चीतल्या साबणवाल्या काकू म्हणाल्या, "जा. आणि घाबरू नकोस."

"मॅडम, चौदाव्या कलमाबद्दल..."

"थांबा जरा." टेबलामागच्या सचिवबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही सकाळपासून तिथेच होत्या. "घरून विकणारे ते तुम्हीच ना? तुमच्यातल्याच कुणाकडून तरी मी नातवासाठी स्वेटर मागवला होता. फोटोत पिवळा, हातात आला तर चिखलाचा रंग! तक्रार केली, त्याला उत्तर नाही."

तो स्वेटर हिचा नव्हता. लोकरीचं काही ती विकतच नव्हती. पण गेली सहा वर्षं रोज सकाळी, चहाच्याही आधी, ती गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचत आली होती. तो सूर तिला नवा नव्हता.

"माफ करा मॅडम, तुम्हाला फार त्रास झाला," ती म्हणाली. "आमचीच चूक आहे. बिल आहे का?"

"बिल कुठलं आता? तीन आठवडे झाले."

"बिल नसलं तरी चालेल."

"आणि घातलाय त्याने. चार-पाच वेळा."

"घातला असला तरी पाठवा, मॅडम. परत घेऊ. कुणाकडचा आहे ते मी शोधून काढते."

मागे काकूंना खोकल्याची उबळ आली. ती काही खरी नव्हती, पण अंगडीवालीला ऐकूच गेली नाही. सचिवबाईंच्या कपाळावरची आठी गेली होती. समोरच्याची आठी गेली की तिला फार बरं वाटायचं.

"बघा, किती समंजस आहात तुम्ही," सचिवबाई म्हणाल्या. "मग उगाच विरोध विरोध म्हणून ओरडतं कोण? लिहून घ्या हो हे."

"तीन मिनिटं झाली," कारकून म्हणाला.

तेव्हा कुठे तिचं हातातल्या कागदाकडे लक्ष गेलं. "मॅडम, मला खरं म्हणजे..." पण पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

सुनावणी आटोपल्यावर बाहेरच्या टेबलाशी कारकुनाने छापील नोंद सहीसाठी पुढे केली. 'वापरलेला माल परत घेण्यास लहान विक्रेत्यांची हरकत नाही.'

"मला असं नव्हतं म्हणायचं."

"पण म्हणालात ना?" तो काही उर्मट नव्हता. दमलेला होता. "सही केली नाहीत तरी नोंद वर जातेच. लेखी काही असेल तर द्या, महिन्याभरात बघतील."

"आणि नियम कधी लागू होणार?"

"एक तारखेला."

एक तारीख आठ दिवसांवर होती. तिने सही केली नाही. आपला कागद त्याच्या हातात दिला, त्याने तो एका जाड गठ्ठ्यावर ठेवला.

"हात दाखवून अवलक्षण!" काकू म्हणाल्या. "अगं, तुला बोलायला पाठवलं होतं, बाईंचा स्वेटर बदलून द्यायला नाही."

"चिडलेलं गिऱ्हाईक समोर आलं की माझं तोंड आपोआप चालतं, काकू." तिला रडू यायला हवं होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं. "आता सगळ्यांना काय सांगू?"

काकू पिशवीचा बंद आवळू लागल्या. गेल्याच आठवड्यात त्यांनी साबणाची अर्धी झिजलेली वडी माफी मागून परत घेतली होती.

"बाई, तेवढं हे भरून द्या," कारकुनाने एक चिठ्ठी सरकवली. 'आजची सुनावणी कशी वाटली?' खाली एक ते पाच आकडे.

"एक दे!" काकूंना एकदम जोर आला. "चांगला ठसठशीत एक दे."

अंगडीवालीने पेन उचललं. "एक दिला तर काय होतं हो?"

"माझ्याकडे खुलासा मागतात."

"तुमच्याकडे? मॅडमकडे नाही?"

कारकून नुसता हसला.

तिने पाचाभोवती गोल केला.