शाई नव्हती ती

"डॉक्टर, आईसाठी जरा जोरदार टॉनिक लिहून द्या ना. मागचं काही लागू पडलं नाही."

मुलगी दारातून आत येता येताच बोलली. बाहेर सात-आठ जण खोळंबले होते. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. हिची आई तीन महिन्यांत तीनदा येऊन गेली होती. थकवा, भूक नाही, मधूनच चक्कर. पन्नाशीची बाई, नवरा नाही, दिवसभर नोकरी. यात वेगळं ते काय? तिन्ही वेळा त्यांनी ताकदीच्या गोळ्या देऊन बोळवण केली होती.

"जेवतात का नीट?" लिहिता लिहिता त्यांनी विचारलं.

"कुठलं हो! सगळं अळणी लागतं म्हणते. परवा स्वयंपाकघरात गेले, तर मुठीत मीठ घेऊन चाटत उभी. मी पाहिलं म्हणून अशी लाजली!" मुलीला हसू आलं.

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"वाळल्यात खूप. रंगही काळवंडलाय. उन्हात फिरतात का?"

"उन्हात? ती छापखान्याच्या तळघरात प्रुफं तपासते. सकाळी उतरते ती दिवस मावळल्यावरच वर येते."

कॉलेजात वाचलेलं एक पान डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे आलं. पंचवीस वर्षांत तसा एकही रुग्ण त्यांच्याकडे आला नव्हता. आला नव्हता, की त्यांनी ओळखला नव्हता?

"आत्ता कुठे आहेत त्या?"

"घरी. काल दाढ काढली ना, तेव्हापासून उलट्याच उलट्या. आता कुठे शांत झोपलीय. हाक मारली तर नुसतं हं करते."

दम्याच्या रुग्णांसाठी ठेवलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन त्यांनी कपाटातून ओढून काढलं, सलाईनच्या दोन बाटल्या बॅगेत कोंबल्या.

"चल."

"अहो, पण झालं काय?"

"चल आधी. वाटेत ॲम्ब्युलन्सला फोन लाव."

खोळंबलेली माणसं बघतच राहिली.

घर दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टर जिने चढून आले तेव्हा त्यांना श्वास पुरत नव्हता. बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंग गार. नाडी बोटांना लागते न लागते. रक्तदाबाचा वरचा आकडा साठ.

शीर शोधायला त्यांनी तिचा हात उताणा केला. तळहाताच्या सगळ्या रेषा काळ्या होत्या. हा हात त्यांनी आधीही पाहिला होता. "छापखाना बरोबर घेऊनच आलात की, ताई!" असं म्हणून हसलेही होते. त्यांनी कापसावर स्पिरिट घेतलं आणि रेषा पुसल्या. कापूस पांढराच राहिला. त्यांनी पुन्हा घासलं, जरा जोरानेच.

कापूस पांढराच.

"काय करताय डॉक्टर?" मुलीने विचारलं.

शीर दोनदा हुकली. तिसऱ्यांदा मिळाली. इंजेक्शन आत गेलं. मुलगी खुर्चीवर चढून सलाईनची बाटली उंच धरून उभी राहिली. थेंब पडत होते.

"वाचेल ना ती?"

हा प्रश्न त्यांना शेकडो लोकांनी विचारला होता आणि उत्तर नेहमी जिभेवर तयार असे. आज मात्र तिच्या मनगटावर बोटं ठेवून ते नुसते मोजत राहिले. मधे एकदा नाडी बोटांखालून निसटली, तेव्हा बोटं सरकवून ते तिला शोधत राहिले. मग ती पुन्हा लागली. बारीक होती, पण होती.

पहिली बाटली संपत आली तेव्हा बाईचे ओठ हलले. "ही... खुर्चीवर कशाला चढलीय?"

मुलीला रडू फुटलं, पण बाटली तिने खाली येऊ दिली नाही. तेवढ्यात रस्त्यावरून ॲम्ब्युलन्सचा आवाज आला.

सहाव्या दिवशी डॉक्टर हॉस्पिटलात भेटायला गेले. तपासण्यांनी त्यांचा संशय खरा ठरवला होता. मूत्रपिंडांवरच्या दोन चिमुकल्या ग्रंथी निकामी होत आल्या होत्या. मिठाची ओढ, तळहाताच्या काळ्या रेषा, सगळं त्यातूनच आलं होतं. शरीराला कसलाही ताण पेलवेना, आणि दाढेचं निमित्त झालं. औषध मात्र साधं होतं. रोजच्या गोळ्या, जन्मभर.

बाई उशीला टेकून बसली होती. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही धावत आलात म्हणून आज मी आहे."

डॉक्टरांना काहीतरी सांगायचं होतं. सहा दिवस ते शब्द जुळवत होते. "ताई, मी..." एवढंच म्हणून त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. "घरी गेल्यावर या गोळ्या. एक दिवसही चुकवायच्या नाहीत."

चिठ्ठी मुलीने घेतली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग त्यांच्याकडे न बघता ती पलीकडच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या नर्सकडे गेली.

"सिस्टर," ती हळू आवाजात म्हणाली, "हे बरोबर आहे का, जरा बघता?"